गादी गार पडता कामा नये

जरा सावकाश बसा. हं, आता बरं. असे इकडेतिकडे बघू नका, आवाज तुमच्या खालूनच येतोय. मी बसायची गादी. चौकोनी, कापसाची, चार कोपऱ्यांना गोंडे आणि मधोमध एक पक्का टाका. तुम्ही माझ्यावर बसून जगाकडे बघता, माझ्या वाट्याला जगाची दुसरी बाजू येते. माझी तक्रार नाही. तोंडावरून माणूस ओळखताना भलेभले फसतात, बैठकीवरून मी कधी फसले नाही. लबाड माणूस सारखा या अंगावरून त्या अंगावर होतो. कर्ज मागायला आलेला अगदी माझ्या काठावर बसतो. प्रेमात पडलेला तर बसतच नाही, नुसता टेकतो.

आम्ही पाच बहिणी. आमच्याकडे गाद्या पाचाच्या संचातच शिवतात. डोंगरातल्या आमच्या गावात गरम पाण्याचे झरे आहेत आणि झऱ्यांच्या जिवावर मिनेया नावाचं आमचं जुनं पाहुणघर उभं आहे. तिथल्या मालकीणबाई हात्सुए. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, चिकाकोचं, लग्न ठरलं तेव्हा बाईंनी आपला एक जांभळा रेशमी किमोनो उसवला, गादीवाल्याकडून कापूस पिंजून आणला आणि आम्हा पाचजणींना स्वतःच्या हाताने शिवलं. टाके असे घट्ट घातले की कापसाची हिंमत नाही जागचा हलायची. त्या घरात माणसांचीही नव्हती.

थोरली बहीण देवघरापुढे गेली. तिच्यावर फक्त भटजी बसतात, तेही वर्षातून मोजक्या वेळा, त्यामुळे ती फार शिष्ट झाली. दुसरीला शेगडीची ठिणगी लागली. तिसरीवर एका पाहुण्याने दारू सांडली आणि चौथी गोमा नावाच्या मांजरीने बळकावली. उरले मी. मी आले घरजावयाच्या वाट्याला.

घरजावई म्हणजे तेत्सुओ. लग्न करून आला तो आडनावासकट इथलाच झाला. धंदा लाकडावर चित्रं कोरण्याचा. चेरीच्या फळीवर कोरायचं, शाई लावायची, कागद ठेवून घासायचं आणि छाप काढायचा. हातात कला होती, यात वाद नाही. पण वेळेचं आणि त्याचं सात जन्मांचं वैर. त्याने छापलेली नववर्षाची शुभेच्छापत्रं लोकांना वसंतात मिळत. मिठाईवाल्याने सणाच्या खोक्यांसाठी सांगितलेलं चित्र तयार झालं तेव्हा मिठाईवाला दुकान मुलाकडे देऊन मोकळा झाला होता. दिवसभर तो माझ्यावर मांडी घालून बसे, कोरणीला धार लावी, धार डोळ्यांसमोर धरून बघे आणि पुन्हा धार लावी. मला वाटे, हा माणूस कोरणी कोरून कोरून संपवणार, लाकूड तसंच राहणार.

हात्सुएबाई सत्याहत्तरच्या झाल्या तेव्हा हा म्हणाला होता, "आई, तुमचं चित्र करतो." आमच्याकडे सत्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, नव्याण्णव ही वयं गाजावाजा करून साजरी करतात. सत्याहत्तर झाली. चित्र नाही. अठ्ठ्याऐंशी दोन दिवसांवर आली आणि जेवताना बाईंनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"सत्याहत्तरीला मी केस काळे करून बसले होते," त्या म्हणाल्या. "आता काळे करायला केस कुठे राहिलेत?"

"आई, चेरीचं लाकूड वाळायला वेळ लागतो," तेत्सुओ म्हणाला.

"लाकडाचं राहू दे. तुझी वाट बघून मी वाळले!"

चिकाकोने हसू लपवायला सुपाचा वाडगा तोंडाला लावला. पण बाई हसत नव्हत्या. "ऐक," त्या म्हणाल्या. "वाढदिवसाच्या सकाळपर्यंत चित्र झालं तर झालं. नाही झालं, तर त्या कोरण्या गुंडाळून माळ्यावर टाकायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून मिनेयाची पाटी घेऊन स्टेशनवर उभं राहायचं. टोपी मी देईन."

तेत्सुओचं सगळं वजन एकदम माझ्या मधल्या टाक्यावर आलं. कोरणी सोडून हा माणूस म्हणजे नुसता सदरा उरेल, हे मला कळत होतं, आणि मला वाटतं, बाईंनाही कळत होतं.

माणूस गरम पाण्यात उतरला की अंगातलं बळ जातं आणि ते सगळं जिभेवर येतं. त्या संध्याकाळी सार्वजनिक हमामखान्यात गळ्यापर्यंत पाण्यात बसून तेत्सुओ सगळ्यांदेखत बोलून गेला, "उद्या सकाळच्या देवळाच्या घंटेपासून परवाच्या घंटेपर्यंत बसतो. एक दिवस, एक रात्र. झोपणार नाही, उठणार नाही. चित्र कोरून, छापून, आईंच्या हातात ठेवीन."

झालं! बाजारपेठेच्या मंडळाला एवढंच हवं होतं. पाहुणे कमी झाले म्हणून मंडळ आधीच काहीतरी दांडगा कार्यक्रम शोधत होतं. रात्रीतून कागदी कंदील लागले, 'अखंड लाकूडकोरणी' असा कापडी फलक लागला आणि मिनेयाच्या पुढच्या दिवाणखान्यात कोरायला चौरंग मांडला, त्यापुढे मला. कोमात्सु न्हावी स्वतःहून पंच झाला. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण त्याच्याकडे शिट्टी होती.

"नैसर्गिक कारणासाठी उठायला माझी हरकत नाही," कोमात्सुने जाहीर केलं. "पण माणूस गेला कुठे, किती वेळ गेला, हे मी दाराशी जाऊन बघणार नाही. मी गादीला हात लावणार. गादी गार पडता कामा नये. गार पडली की खेळ खलास."

अशी मी, उभा जन्म माणसांच्या खाली काढलेली, एकाएकी गावाच्या डोळ्यांवर आले. खरं सांगते, छाती फुगली. म्हणजे कापूस फुगला.

सकाळी घंटा झाली. हात्सुएबाई वरच्या खोलीतच राहिल्या. "झाल्यावर बोलवा," एवढाच निरोप आला. खाली मंडळाचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि खाली बसेनात. तेत्सुओने तयारी करून ठेवली होती. पातळ कागदावर शाईने सासूबाई काढलेल्या, फळीला भाताची खळ लावलेली. आता तो कागद चित्र खाली करून फळीवर चिकटवायचा, म्हणजे फळीवर चित्र उलटं दिसतं आणि छापल्यावर सरळ येतं. हे त्या कामातलं अगदी बाळबोध. भाषण लांबलं, खळ वाळायला लागली आणि तेवढ्यात मागून कुणी ओरडलं, "जरा वर धरा हो! आम्हाला पण मालकीणबाई दिसू देत!"

तेत्सुओने कागद वर धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे टाळीला मान लववून उत्तर द्यावं लागतं. त्याने लववली. लोकांनीही लववली. मग त्यांच्या लववण्याला याने पुन्हा लववली. असं करत करत, वाकता वाकता, कागद लोकांकडे तोंड करून होता तसाच त्याने फळीवर टेकवला. खळीने धरला. संपलं.

पुढे दिवसभर जो तो येऊन फळीत डोकावे आणि म्हणे, "वा! अगदी मालकीणबाई! हुबेहूब!" लाकडावर जे हुबेहूब दिसतं ते कागदावर उलटं उतरतं, हे त्या दिवाणखान्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस कौतुक ऐकण्यात गुंग होता. आयुष्यात त्याचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला चौरंगावरचं दिसत नाही, नाहीतर मीच टाका टोचला असता.

पण काय कोरत होता म्हणून सांगू! ठक ठक ठक, एका लयीत. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण असा बसलेला कधी पाहिला नव्हता. धार लावायला थांबला नाही, चहाला थांबला नाही. गावाने खाणं आणून ढीग घातला. भाताचे गोळे, लोणचं, उकडलेली अंडी. चिकाको मधूनच त्याच्या तोंडात घास कोंबी आणि कपाळाला बांधलेला पंचा पिळून परत बांधी. गावचा अंत्यविधीवाला हिराबायाशी रताळी घेऊन आला आणि भिंतीशी बसला. भला माणूस, पण त्याच्या शेजारची जागा आपोआप रिकामी होत गेली. वाढदिवसाच्या कार्यक्रमात त्याला बघून लोकांना जरा कसंतरीच होत होतं.

दुपारी तेत्सुओ पहिल्यांदा उठला. पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की भिंत धरून, बदकासारखा चालत गेला. परत यायला उशीर लागला. मी गार पडायला लागले. काळजीने मला घाम फुटायची वेळ आली, आणि फुटला असता तर बरंच झालं असतं. तेवढ्यात गोमा मांजर आली, माझ्यावर गोल फिरली आणि बसली.

कोमात्सुने शिट्टी फुंकली. "मांजराची ऊब धरायची की नाही?"

यावर मंडळाची तातडीची बैठक भरली. एक पक्ष म्हणाला, ऊब ती ऊब. दुसरा म्हणाला, उद्या कुणी गरम पाण्याची पिशवी ठेवील. अध्यक्ष म्हणाले, मांजर घरातलंच आहे, म्हणजे कुटुंबाचा सहभाग. चिकाको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मांजराला हाकला नाहीतर मंडळाला हाकलते!" त्यात तेत्सुओ परतला, त्याने मांजर उचलून बाजूला ठेवली आणि कोरायला बसला. वाद पुढे चालू राहिला, पण खेळही चालू राहिला.

रात्री बरेच प्रेक्षक तिथेच आडवे झाले. कोमात्सु शिट्टी तोंडात ठेवून झोपला, त्यामुळे घोरताना बारीक आवाज येत राहिला. तेत्सुओ मात्र जागा होता. एकदाच चिकाको हळूच म्हणाली, "अहो, जरा पाठ टेका. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," तो म्हणाला.

मला एवढं भरून आलं की काय सांगू. त्याच्यासारख्या आरंभशूराच्या तोंडून असं वाक्य मी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

पहाटे शेवटची कपची उडाली. फळी धुतली, शाई लावली, कागद ठेवला आणि तो पाठीमागून घासायला लागला. सगळे उठून भोवती जमले. त्याने कागदाचं टोक धरलं आणि सोलून काढला.

"वा," कुणी तरी म्हणालं. आणि पुढचा 'वा' आलाच नाही.

मला चौरंगावरचं दिसत नाही हे सांगितलंच आहे. पण मला कळलं. तेत्सुओचं शरीर खालपासून वर असं ताठ झालं की जणू माझ्याखाली बर्फ सरकवला.

आमच्याकडे किमोनो नेसताना उजवा पदर आधी अंगाशी घेतात आणि डावा त्यावरून. बायका, पुरुष, राजा, भिकारी, सगळे असंच नेसतात. उलटं नेसवतात ते फक्त मेलेल्या माणसाला, पेटीत ठेवण्याआधी. आणि कागदावर हात्सुएबाई, नाक, डोळे, कपाळावरच्या आठ्यांसकट हुबेहूब हात्सुएबाई, उलट्या पदराने बसल्या होत्या. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या सकाळी.

सगळ्यांच्या माना हळूहळू भिंतीकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" हिराबायाशी रडवेला होऊन म्हणाला. "मी काही बोललोय का?"

मग एकच गोंधळ. अध्यक्ष म्हणाले, गळ्यापाशी शाई ओतून काळं करून टाका. कोमात्सु म्हणाला, धक्का लागून फाटला म्हणून सांगू, मी धक्का द्यायला तयार आहे. मिठाईवाल्याचा मुलगा म्हणाला, मालकीणबाईंना आरशातून दाखवा. चिकाको नवऱ्याच्या बोटांकडे बघत होती. ती बोटं पाव फुगावा तशी सुजली होती.

"काही लपवायचं नाही," तेत्सुओ म्हणाला. "आईंना बोलवा."

हात्सुएबाई जिना उतरल्या. आंघोळ करून, नवा राखाडी किमोनो नेसून, बरोबर सरळ पदराने. लोकांनी वाट करून दिली. घंटा व्हायला अजून थोडा अवकाश होता.

आता आमच्याकडची रीत अशी की मोठ्यांची माफी मागायची तर गादीवर बसून मागत नाहीत. गादीवरून खाली उतरायचं, जमिनीवर गुडघे टेकायचे आणि कपाळ चटईला लावायचं. तेत्सुओने तेच केलं. माझ्यावरून बाजूला सरकला आणि कपाळ टेकलं. "आई, माझी चूक झाली."

"उतरले!" कोमात्सु ओरडला. सवयीने शिट्टीही वाजली. आणि मग आपण काय केलं हे कळून त्याने ती तोंडातून काढली आणि खिशात घातली. "म्हणजे... नियमाने... गादी..."

झालं! चित्रही गेलं आणि पैजही गेली. मी उघडी पडले होते आणि गार पडत होते. एका रात्रीची सगळी मेहनत माझ्यातून वाफेसारखी निघून जात होती आणि मला काही करता येत नव्हतं. गादीला हात नसतात, हे दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झालं.

हात्सुएबाईंनी जावयाकडे पाहिलं. चटईवरचा कागद पाहिला. "चष्मा," त्या म्हणाल्या. चिकाकोने दिला. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, मला पाहिलं आणि सरळ येऊन माझ्यावर बसल्या.

मला शिवलं त्यांनी, पण माझ्यावर बसल्या त्या त्या दिवशी पहिल्यांदा. हलक्या होत्या. एवढा दरारा आणि एवढंसं वजन!

त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि खूप वेळ बघत राहिल्या.

"नाक जमलंय," त्या म्हणाल्या.

तेत्सुओने कपाळ वर केलं नाही.

"आठ्या जरा जास्तच आल्यात. हिराबायाशी!"

"ज-जी, मालकीणबाई."

"पुढे ये. पदर नीट आहे का?"

"मालकीणबाई, मी काय सांगणार..."

"धंद्यातलं विचारतेय तुझ्या. नीट आहे का?"

हिराबायाशीने वाकून पाहिलं. शेवटी कारागीर माणूस, खोटं बोलवेना. "फार नीट आहे," तो म्हणाला. "आम्हालाही इतका चापून जमत नाही."

हात्सुएबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण रडणं वेगळं बसतं. हसू असं खालपर्यंत येतं आणि सगळा कापूस गदागदा हलवतं.

"ऐका रे सगळे," त्या म्हणाल्या. "हा माणूस या घरात आल्यापासून प्रत्येक काम उशिरा करत आलाय. स्वतःच्या लग्नाला उशिरा आला. याला पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात पोचेपर्यंत तिला दात आले होते. आणि आज, आयुष्यात पहिल्यांदा, एक काम वेळेच्या आधी करून ठेवलंन!"

मिनेयाचं छप्पर उडेल असे लोक हसले. आमच्याकडची म्हातारी माणसं अंत्यविधीला लावायचा आपला फोटो आधीच निवडून ठेवतात, पण हात्सुएबाईंपुढे तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी स्वतःच तो सोडवून टाकला. "चिकाको, हे माझ्या कपाटात ठेव. लागेल तेव्हा काढा. घाई नाही."

"आणि पैज?" कोमात्सुने चाचरत विचारलं. पंच झाला की माणूस असाच होतो.

"गादी गार पडली का?"

कोमात्सुचा हात पुढे आला आणि मध्येच थबकला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मालकीणबाईंच्या बैठकीखाली हात घालायचा! त्याने हात मागे घेतला. "गरमच असणार," तो म्हणाला. आणि देवळाची घंटा झाली.

"ऊठ, तेत्सुओ," बाई म्हणाल्या. "वाढदिवसाचं चित्र मात्र राहिलं ते राहिलंच. मी सोडणार नाही. नव्याण्णवीला दे."

त्यावर तो आडदांड माणूस चटईवर बसून लहान पोरासारखा रडला. मग तिथेच, भाताच्या गोळ्यांच्या ढिगाला टेकून, झोपी गेला. वाढदिवसाच्या जेवणालाही उशिराच उठला.

याला आता सहा वर्षं झाली. माझा जांभळा रंग विटलाय, एक गोंडा गोमाने कुरतडलाय. त्या दिवसापासून मी हात्सुएबाईंची झाले. रोज सकाळी मला तेत्सुओच्या खोलीत नेतात, बाई माझ्यावर बसतात आणि तो समोर बसून त्यांचं चित्र काढतो. नव्याण्णवीचं. उरलेला दिवस मी इथे, तुमच्यासारख्या पाहुण्यांखाली.

"झालं का?" त्या विचारतात.

"जरा मान वर, आई. काल मान अशी नव्हती."

"मग कालचंच काढायचं होतंस!" असं म्हणून त्या मुद्दाम मान फिरवतात. मुद्दामच फिरवतात, मला खालून कळतं. आणि तो कागद बाजूला ठेवतो, कोरणी उचलतो आणि धार लावत बसतो. धार लावलेली असते, तरी लावतो. मधेच चिकाको चहा आणते. कोणीच कुणाला घाई करत नाही.

पूर्वी या माणसाच्या उशिराचा मला राग यायचा. आता येत नाही. बाई रोज थोड्या थोड्या हलक्या होत चालल्यात. हे चिकाकोला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नसेल, मला ठाऊक आहे. परवा तर त्या बसल्या आणि मधल्या टाक्याला कळलंच नाही. तेत्सुओला मी काही सांगू शकत नाही, पण माझी खात्री आहे की त्यालाही दिसतंय. डोळा आहे त्याच्याकडे. परवापासून त्याची कोरणी आणखीच हळू झाली आहे.

आता उठा, तुमचा चहा निवला असेल. जाता जाता त्याच्या खोलीवरून जाल, तो हसून मान लववेल, तुम्हीही लववा. गप्पा मारा, पावसापाण्याचं बोला, मांजरीचं बोला. फक्त चित्र कुठवर आलं, हे तेवढं विचारू नका.